वाडवडिलांची दुनळी बंदूक आणि हलकी काडतुसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहरात, मावळात आणि मुळशी-भोरकडच्या वाड्यांमध्ये आजही बऱ्याच घरी आजोबा-पणजोबांची इंग्लिश किंवा बेल्जियन दुनळी बंदूक परवान्यावर टिकून आहे. अशा घरांतून येणारे प्रश्न पुन्हापुन्हा तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काडतूस भरण्याची मापे किंवा कृती येथे दिलेली नाही. ती न देण्याची कारणे प्रश्न ८ आणि ९ मध्ये आहेत.

१. आमच्या परवान्यावर ‘डीबीबीएल’ आणि ‘१२ बोअर’ असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

‘डीबीबीएल’ म्हणजे मागून, मोडून भरायची दोन नळ्यांची बंदूक. ठासणीच्या एकनळी बंदुकीला ‘एसबीएमएल’ लिहितात. बोअरचा आकडा जुन्या वजनी हिशेबातून आला आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास भरेल, तो बारा बोअरच्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक असते, आणि २० बोअरची बंदूक १२ बोअरपेक्षा लहान ठरते. हा उलटा हिशेब लक्षात न राहिल्याने जो अपघात होऊ शकतो, त्याविषयी प्रश्न १६ पाहावा.

२. हलके काडतूस नेमके कशाला म्हणतात?

व्यवहारात छर्ऱ्यांच्या वजनावरून काडतूस हलके की जड हे ठरते. १२ बोअरमध्ये ३६ ग्रॅम छर्रे जड मानतात, ३० ते ३२ ग्रॅम मध्यम, तर २८, २४ आणि २१ ग्रॅम हलके. इंग्लंडमधील शिकारी दुनळ्या ज्या काळात बनल्या, त्या काळी एक पूर्णांक एक सोळांश औंस, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, हा त्यांचा नेहमीचा भार होता.

बंदुकीला किती भार पेलेल याचा एक जुना ठोकताळा आहे, तो असा की बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या निदान ९६ पट असावे. एक औंस छर्ऱ्यांना त्या हिशेबाने सहा पौंडांची, म्हणजे सुमारे २.७ किलोची बंदूक लागते. हा ठोकताळा खांद्याला आणि दस्त्याला बसणाऱ्या धक्क्यापुरता आहे. नळीच्या ताकदीविषयी तो काहीही सांगत नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी याच ठिकाणी होते.

३. धक्का कमी बसतो म्हणजे नळीतला दाबही कमीच असणार, असे नाही का?

असे मुळीच नाही, आणि या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हेच वाचावे.

धक्का हा पुढे जाणाऱ्या मालाचे वजन, त्याचा वेग आणि बंदुकीचे वजन यांवर अवलंबून असतो. दाबाचे शिखर मात्र छर्रे जेमतेम हलू लागतात त्या पहिल्या क्षणी, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, आसपास गाठले जाते, आणि ते किती उंच जाईल हे दारू किती झपाट्याने जळते यावर ठरते. हलक्या छर्ऱ्यांमागे सावकाश जळणारी दारू नीट पेटत नाही, म्हणून कारखाने हलक्या काडतुसात बहुधा जलद जळणारी दारू घालतात. परिणामी २४ ग्रॅमच्या काडतुसाचा दाब ३२ ग्रॅमच्या काडतुसाइतका, कधी त्याहूनही अधिक असू शकतो, आणि खांद्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ऑलिंपिकमधील ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीच्या प्रकारांत छर्ऱ्यांची मर्यादा २४ ग्रॅमची आहे. घरातला एखादा नेमबाज पुतण्या ‘काका, ही हलकी आहेत, तुमच्या बंदुकीला चालतील’ असे म्हणून तीच काडतुसे आणून देतो. ती हलकी असतात हे खरे, पण ती ७० मिलिमीटरची, वेगवान आणि आजच्या नळ्यांसाठी बनवलेली असतात. युरोपीय सीआयपी मानकाप्रमाणे १२ बोअरच्या साध्या काडतुसाला ७४० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) दाबाची मुभा आहे, आणि काडतूस हलके असले म्हणून ती मुभा कमी होत नाही. म्हणून जुन्या बंदुकीसाठी काडतूस घेताना खोक्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : लांबी, छर्ऱ्यांचे वजन आणि दाबाचा किंवा प्रूफचा, म्हणजे नळीच्या ताकदीच्या अधिकृत चाचणीचा, उल्लेख. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या आणि तिसरी सापडली नाही, तर ते काडतूस आपल्या बंदुकीचे नाही असे समजावे.

४. आमच्या बंदुकीत ७० मिलिमीटरचे काडतूस सहज बसते आणि बंदूक मिटतेही. मग अडचण कोणती?

ते सहज बसते हाच फसवणुकीचा भाग आहे. काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतरच्या, म्हणजे तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. चुणी घालून मिटलेले ७० मिलिमीटरचे काडतूस न उडता जेमतेम ५८-५९ मिलिमीटर भरते, त्यामुळे ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ते बिनतक्रार जाते. उडताना चुण्या पुढे उलगडतात आणि तेथे चेंबर संपून नळी निमुळती होत जाणारा भाग सुरू झालेला असतो. छर्रे आणि वॅड (दारू व छर्रे यांमधले बूच) यांना नेमक्या त्याच क्षणी अरुंद वाटेतून घुसावे लागते आणि दाब वाढतो.

आमच्या घरच्या बंदुकीला काही वर्षे असेच होत होते. एका विक्रेत्याने ‘आत जाते ना, मग चालते’ असे सांगितले होते, आणि आम्ही ते मानले. नळ्यांना काही झाले नाही, पण दस्त्याचे डोके, म्हणजे लोखंडी भागाला टेकणारे लाकूड, बारीक चिरत गेले आणि ती चीर तेलाच्या डागाखाली कोणालाच दिसली नाही. उडालेल्या काडतुसाचे तोंड फाटलेले, झिरमिळ्या झालेले दिसले, तर तीच खूण समजावी. आम्ही ती रिकामी नळकांडी मुलांना खेळायला देत होतो आणि तोंडाकडे कधी पाहिले नाही.

५. चेंबरची लांबी आणि बंदुकीची मूळ चाचणी कशी ओळखावी?

बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून नळ्या वेगळ्या कराव्यात. नळ्यांच्या मागच्या टोकाला, खालच्या सपाट बाजूस बारीक ठसे असतात. बंदूक कोणत्या काळी व कोणत्या भारासाठी तपासली गेली हे त्यांवरून कळते.

इंग्लंडमध्ये तपासणीची दोन घरे आहेत, लंडन आणि बर्मिंगहॅम. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. १८८७ नंतरच्या बंदुकांवर चौकटीच्या आकारात ‘१२’ आणि ‘सी’ असा ठसा दिसतो, तर ‘एलसी’ असल्यास चेंबर लांब, म्हणजे तीन इंची किंवा त्याहून मोठे असते. चेंबरची नेमकी लांबी ठशात देण्याचा नियम १९२५ पासून आला, म्हणून त्याआधीच्या बंदुकीवर ती सापडली नाही तर नवल नाही. अशा बंदुकीचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचे आहे असे धरून चालावे, मात्र गेज (मोजमापाचे साधन) लावून खात्री झाल्याशिवाय गोळीबार करू नये. दोन इंची चेंबरच्या नाजूक बंदुकाही बनत होत्या आणि त्यांत ६५ मिलिमीटरचे काडतूसही लांब ठरते.

१९५४ च्या नियमांनंतरच्या इंग्लिश ठशांत ‘अडीच इंच – ३ टन’, ‘पावणेतीन इंच – सव्वातीन टन’ असे आकडे येतात. हे टन दर चौरस इंचाचे असले, तरी ते तांब्याची गुटी चेपून मोजण्याच्या जुन्या पद्धतीचे आहेत. कॅल्क्युलेटरवर त्यांचे बार करून आजच्या खोक्यावरील आकड्याशी ताडून पाहणे चुकीचे ठरते. बेल्जियन बंदुकांवर अंडाकृतीत ‘ई-एल-जी’ ही अक्षरे असतात आणि चेंबरची लांबी बहुधा मिलिमीटरमध्ये मिळते.

६. ठशांत ‘नॉट फॉर बॉल’ असे आहे. म्हणजे एकेरी गोळी चालत नाही का?

चालत नाही. हा ठसा १८७५ ते १८८७ या काळातला असून नळीचे तोंड आवळलेले, म्हणजे चोक केलेले आहे असे तो सांगतो. पुढे त्याच जागी ‘चोक’ हा शब्द आला. अशा नळीतून नळीच्या मापाची एकेरी गोळी झाडल्यास तोंड फुगते किंवा फाटते. पोलादी छर्ऱ्यांनाही हाच नियम लावावा, कारण ते शिशासारखे दबत नाहीत.

७. आमच्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. ती दमास्कस आहे का, आणि तीत हलके काडतूस चालेल का?

बहुधा असेल. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून आणि घणाखाली एकजीव करून या नळ्या घडवत. नक्षी त्या जोडांची असते, आणि चिंतेचा विषयही तेच जोड आहेत, कारण शंभरेक वर्षांत आतला गंज कोणत्या जोडात किती खोल गेला आहे हे वरून कळत नाही.

सगळ्या दमास्कस नळ्या कमजोर, हे म्हणणे मला घाईचे वाटते. यांतील कितीतरी नळ्या नंतर, काळ्या दारूच्या जागी आलेल्या धूररहित दारूच्या चाचणीतून उत्तीर्ण झाल्या आहेत आणि त्यांवर ‘नायट्रो प्रूफ’ असा ठसा आहे. पण ज्या नळीवर तो ठसा नाही ती काळ्या दारूसाठीच तपासलेली असते, आणि आजचे कोणतेही धूररहित काडतूस, ते २१ ग्रॅमचे असले तरी, तीत घालू नये. ठसा असला, तरीही तो दिला गेला त्या दिवसापुरता खरा असतो. त्यानंतर आतून घासूनपुसून चकाचक केलेली नळी पातळ झालेली असते. इंग्लिश जुन्या नियमांत आतला व्यास तपासणीच्या वेळेपेक्षा १० हजारांश इंचाने (०.०१० इंच) वाढला, की मूळ ठसा बाद समजत. नळीच्या मधल्या भागात भिंतीची जाडी २० हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, याच्या खाली गेली असेल तर जाणकार ती बंदूक भिंतीवर टांगायला सांगतात. ही जाडी मोजायला खास गेज लागते. ते ज्याच्याकडे आहे अशा कारागिराचा शोध घेणे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

८. दुकानात कमी दाबाची ६५ मिलिमीटरची काडतुसे मिळत नाहीत. मी ती घरी भरू शकतो का?

बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याची परवानगी नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील ‘दारूगोळा’ या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चा भंग करून केलेल्या निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप इतकी शिक्षा आहे. बंदुकीच्या दारूला त्याखेरीज स्फोटक पदार्थांचे कायदेही लागू होतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला नातेवाईक तेथे गॅरेजमध्ये बसून काडतुसे भरतो, त्याचे व्हिडिओ पाठवतो, आणि मग हा प्रश्न येतो. त्याच्या देशाचा कायदा त्याच्यापाशी. येथे परवाना प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून हा विषय काढू नये.

पुण्यातल्या माणसाला याचे वैषम्य वाटणे साहजिक आहे, कारण खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तेथली ‘केएफ’ अक्षरांची बारा बोअरची काडतुसे आपल्या आजोबांनीही वापरली आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडे लांबी आणि भार लिहून मागणी नोंदवावी. मिळेल तेवढी वाट पाहावी. पण काडतूस मिळत नाही म्हणून लांब काडतुसावर भागवू नये.

९. केवळ माहिती म्हणून विचारतो, परदेशी पुस्तकांत भरण्याचे कोष्टक असते. त्यातला एखादा घटक बदलला तर काय बिघडते?

काडतुसात पाच गोष्टी असतात : नळकांडे, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), दारू, वॅड आणि छर्रे. सहावी गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे तोंड किती घट्ट मिटले आहे. काळी दारू कोंडली काय आणि मोकळी ठेवली काय, तिच्या जळण्यात त्या मानाने थोडाच फरक पडतो. धूररहित दारूचे तसे नाही. ती जितकी कोंडावी तितकी झपाट्याने जळते, त्यामुळे दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. प्रायमर थोडा तेज असला, वॅड जास्त घट्ट बसला किंवा नळकांड्याची आतली पोकळी कमी असली, तरी एकूण दाब बदलतो, आणि तो किती बदलला हे चाचणीच्या नळीत मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोष्टकातील प्रत्येक ओळ तिच्यातल्या नेमक्या घटकांपुरतीच खरी असते.

जुन्या इंग्लिश खोक्यांवरील ‘ड्रॅम’ हा शब्दही असाच फसवतो. तो काळ्या दारूचे माप होता. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, सुमारे १.७७ ग्रॅम. पुढे धूररहित काडतुसांवर तो ‘तेवढ्या काळ्या दारूइतका वेग’ या अर्थाने छापला जाऊ लागला. त्या आकड्याने धूररहित दारू मोजणारा माणूस बंदूक आणि हात दोन्ही गमावतो.

१०. विकतच्या काडतुसातून थोडे छर्रे काढून ते हलके केले तर?

करू नये. प्रश्न ८ मधला कायदा बाजूला ठेवला, तरी आतली उंची कमी झाल्याने तोंड सैल मिटते, दारू अर्धवट पेटते आणि वॅड नळीतच अडकून राहू शकतो. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि पुढचे काडतूस घाईने भरले, तर अडकलेल्या वॅडमागे नळी फुटते. आवाज वेगळा वाटला की विकतच्या काडतुसालाही हाच नियम लावावा : थांबावे, बंदूक मोडावी आणि दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का हे पाहावे.

११. आजोबांच्या पेटीत जुनी कागदी आणि पितळी काडतुसे सापडली. ती वापरावीत का?

वापरू नयेत. कागदी नळकांडे पुण्याच्या चार पावसाळ्यांतच फुगते, मग चाळीस पावसाळ्यांचे काय सांगावे. शिवाय ज्याच्या नावावर परवाना नाही, त्याने काडतुसे नुसती घरात ठेवणेही गुन्हा ठरते. ती कचऱ्यात, नदीत किंवा बंबात टाकू नयेत. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

१२. बंदूक धडधाकट आहे का, हे घरच्या घरी कळते का?

दोषाचा संशय घरी येऊ शकतो, निर्दोष असल्याची खात्री मात्र कारागिराकडेच होते. सुट्या नळ्या बोटावर टांगून टिचकी मारली असता घंटेसारखा नाद आला तर जोड घट्ट आहेत. भद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटली असण्याचा संभव आहे. पुढचे लाकूड काढून बंदूक मिटावी आणि उजेडासमोर धरावी. नळ्या व मागचा लोखंडी भाग यांत फट दिसली किंवा नळ्या हलल्या, तर बिजागरी झिजली आहे. धडधाकट बंदुकीचीही ‘सेफ्टी’ बहुधा फक्त चाप अडवते, घोडा अडवत नाही, हे विसरू नये.

१३. पावसाळ्यात आणि निवडणुकीच्या वेळी बंदूक कशी ठेवावी?

कातडी किंवा किंतानी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून ती प्रवासापुरतीच वापरावी. तेल नळीत अगदी पातळ फिरवावे आणि बंदूक नळ्या खाली करून उभी ठेवावी, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरते आणि लाकूड कुजते. दस्त्याला जवसाचे तेल बोटाने चोळणे पुरते. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये क्षार राहत असल्याने, तशी काडतुसे ज्या नळीतून उडाली असतील ती आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेल लावावे. नुसत्या तेलाने क्षार निघत नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा जरूर करावी, पण हळदकुंकू आणि ओली फुले लोखंडावर रात्रभर राहिली तर दुसऱ्या दिवशी सोने लुटून येईपर्यंत गंज धरलेला असतो. मी पूजेपुरती खाली केळीचे पान ठेवतो, गंध दस्त्याला लावतो आणि आरती झाली की पुसून घेतो. दसऱ्याला हवेत बार काढण्याची हौस मात्र आता शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली येते. आनंदाप्रीत्यर्थ बेपर्वाईने गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर जमा करण्यापूर्वी नळ्यांना नेहमीपेक्षा थोडे जास्त तेल लावावे, ठशांचे आणि क्रमांकाचे फोटो काढावेत आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्यावी.

१४. वडिलांच्या नावावरची बंदूक माझ्या नावावर कशी होते?

वारसाहक्काने परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा त्याला ७० वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा त्याने ती २५ वर्षे बाळगल्यावर वारसाला अर्ज करता येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांत तो त्या-त्या पोलीस आयुक्तालयात, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. निधनानंतर परवाना मिळेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असावी. २०१९ च्या दुरुस्तीमुळे एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने आलेल्या बंदुकीलाही ही मर्यादा लागू आहे.

१५. मग ही बंदूक झाडायची तरी कुठे?

परवान्यात नोंदलेल्या कारणासाठी आणि अधिकृत रेंजवर. शिकारीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली बंदी आहे, आणि ‘रानडुक्करच तर होते’ हा खुलासा वनखाते ऐकून घेत नाही.

१६. घरात १२ आणि २० बोअर अशा दोन्ही बंदुका आहेत. काडतुसे एका पेटीत ठेवली तर चालतील का?

अजिबात चालणार नाहीत, आणि दोन्ही बंदुका बरोबर घेऊन निघताना काडतुसे एका खिशातही असू नयेत. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत गेले, तर ते चेंबरमधून घसरून पुढच्या निमुळत्या भागात अडकते. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे वाटते. तो आपण भरायला विसरलो असे समजून १२ बोअरचे काडतूस घालतो, बंदूक सहज मिटते, आणि मागचे काडतूस पुढच्यावर जाऊन आदळते. तेथे दमास्कस काय आणि आजचे उत्तम पोलाद काय, कोणतीच नळी टिकत नाही. २० बोअरचे नळकांडे पिवळ्या रंगाचे करण्याची पद्धत याच कारणाने पडली. जुन्या कागदी काडतुसांना मात्र हा रंग असेलच असे नाही, म्हणून आजोबांच्या पेटीतील काडतुसे निवडताना रंगावर विसंबू नये आणि प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडावरचा आकडा वाचावा.